नडगीवरची रेघ

डहाणूच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी एक्स-रे काढतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या फुटबॉलच्या वेडाइतकाच या नोकरीचाही हात होता.

आमच्या लीगमध्ये किनाऱ्यावरच्या आणि आतल्या गावांचे मिळून आठ संघ होते. भाताची कापणी उरकली की सामने सुरू व्हायचे आणि ऊन कडक व्हायच्या आत संपायचे. दर रविवारी एक सामना. फायनल वगैरे प्रकार नव्हता. शेवटी ज्याचे गुण जास्त त्याचा करंडक. आमचा संघ २०१४ साली दुसरा आला, पुढच्या वर्षी पुन्हा दुसरा. त्याआधीही बहुतेक दुसरा किंवा तिसराच. मी स्वतः तरुणपणी चार वर्षं या संघातून खेळलो होतो. खेळाडू म्हणून मी सामान्यच, पण करंडक न मिळाल्याची खंत मात्र मी पुरेपूर बाळगली होती.

सामना संपला की मैदानाच्या समुद्राकडच्या बुटक्या भिंतीवर आम्ही तिघं बसायचो. एक मी. दुसरा माझा शाळेपासूनचा मित्र, त्याची स्वतःची मासेमारीची बोट होती आणि सगळे त्याला तांडेल म्हणत. रविवारी दुपारपर्यंत बोट किनाऱ्याला लागलीच पाहिजे असा त्याचा खलाशांना हुकूम असे, मग जाळ्यात काही असो वा नसो. तिसरे आमचे सर. बोर्डीकडच्या एका शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालेले. मला आणि तांडेलला चेंडू पायाच्या आतल्या बाजूने मारायला त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे चाळिशी ओलांडली तरी आम्ही त्यांच्यासमोर पाय हलवत बसत नसू.

वाद ठरलेला असायचा. तांडेलचं म्हणणं, आपल्याला एकच गोल करणारा माणूस कमी पडतो, तो कुठूनही आणा. सरांचं म्हणणं वेगळं.

"आपण पोरं तयार करत नाही, पोरं वापरतो," ते म्हणायचे. "बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा संघ काढा. पाच वर्षं करंडकाचं नाव काढू नका. मग बघा."

"पाच वर्षं मी जगलो पाहिजे ना, सर," तांडेल म्हणायचा.

मी बहुतेक वेळा तांडेलच्या बाजूने असे. पाच वर्षं थांबण्याची गोष्ट ज्याने करंडक कधीतरी उचलला आहे त्यानेच करावी, असं मला वाटायचं.

२०१६ च्या नोव्हेंबरात तो पोरगा आला. बोर्डीला अकरावीत शिकायचा, तिथेच वसतिगृहात राहायचा. घर तलासरीच्या आत एका पाड्यावर. वय सोळा. अंगाने काटकुळा, बोलायला गेलं तर मान खाली. आमच्या कोचने त्याला किनाऱ्यावर अनवाणी खेळताना पाहिलं आणि सरावाला बोलावलं. तिसऱ्या रविवारी आम्ही एका गोलने मागे होतो, शेवटची वीस मिनिटं उरलेली, तेव्हा कोचने त्याला आत सोडलं. पहिल्यांदा चेंडू मिळाला तो डाव्या कडेला. समोर दोन दणकट माणसं होती. त्याने चेंडू थांबवला, जणू कुणाची तरी वाट बघतोय असा क्षणभर उभा राहिला आणि ते दोघं जवळ येताच त्यांच्या मधून निघून गेला. गोल झाला तेव्हा गोलकीपर दुसऱ्याच कोपऱ्याकडे बघत होता. पाच मिनिटांनी त्याने दुसरा गोल केला.

भिंतीवर तांडेल पुढे झुकून बसला होता. मग म्हणाला, "हाच."

"हाच, पण आत्ता नाही," सर म्हणाले. "त्याच्या मांड्या बघ, खांदे बघ. अजून वाढतोय तो. यंदा दर सामन्यात वीस मिनिटं द्या. बाकी वेळ त्याला शिकवा."

"आणि वर्षभरात कुणीतरी त्याला मुंबईला, नाहीतर सुरतला घेऊन गेला म्हणजे? आपण शिकवायचं आणि दुसऱ्यांनी न्यायचं?"

"गेला तर गेला. चांगलंच झालं की त्याचं."

तांडेलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सर, तो सोळाचा आहे, पण खेळतो पंचविशीच्या माणसासारखा. बाहेर बसवला तर त्याचंच नुकसान आहे."

कोचही बहुधा असंच ऐकायची वाट बघत होता. पुढच्या रविवारपासून पोरगा पूर्ण नव्वद मिनिटं खेळू लागला.

तो हंगाम मला अजून सामन्यागणिक आठवतो. आम्ही जिंकत गेलो. बुधवारी-गुरुवारी हॉस्पिटलात पेशंट मला विचारायचे, येत्या रविवारी काय होईल. वाणगावहून, गंजाडहून माणसं सामना बघायला येऊ लागली. पोरगा रविवारी आमच्यासाठी खेळायचा, मधल्या दिवसांत कॉलेजच्या संघातून खेळायचा, संध्याकाळी किनाऱ्यावर सराव करायचा. सुट्टीत घरी गेला की वडिलांबरोबर ताडावर चढायचा, कारण वडील ताडी उतरवायचं काम करत आणि दोन हात जास्त असले की दहा झाडं जास्त होत. एवढं सगळं त्या दोन काटकुळ्या पायांवर चाललं होतं. सरांनी एकदा बोटांवर मोजून दाखवलं की आठवड्यात त्याला एकही दिवस मोकळा नाही. आम्ही हसलो. तरण्या पोराला कसली सुट्टी, असं तांडेल म्हणाला.

जानेवारीच्या शेवटी, तीन सामने बाकी असताना, तो हॉस्पिटलात आला. एकटाच. हाडांचे डॉक्टर आमच्याकडे बुधवारी आणि शनिवारी यायचे. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली होती, डाव्या नडगीचा फोटो. मी त्याला टेबलावर झोपवलं.

"कधीपासून दुखतंय?"

"दिवाळीनंतर. आधी खेळल्यावर दुखायचं. आता चालतानाबी दुखतंय."

एक फोटो समोरून काढला, एक बाजूने. समोरच्यात काही नव्हतं. बाजूचा फोटो दिव्याच्या काचेवर लावला आणि मला ती दिसली. नडगीच्या मधोमध, हाडाच्या पुढच्या कडेला, केसाएवढी काळी आडवी रेघ. मी वीस वर्षं फोटो काढतोय. ती रेघ म्हणजे काय हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि पोराला समजेल असं सांगितलं. हाडाला ताण पडून चीर गेलीय. सहा आठवडे धावायचं नाही, उडी मारायची नाही. ऐकलं नाहीस तर एक दिवस धावता धावता हाड तुटेल. त्यांनी तसं कागदावर लिहिलं आणि घरच्यांना आणि कोचला दाखव म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात त्याने तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला. मग माझ्याजवळ आला.

"काका, तीनच सामने राहिलेत ना."

"हो."

"तेवढं खेळलो तर चालेल का? पट्टी बांधून?"

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "डॉक्टर सांगतात ते सावधगिरीनेच सांगतात. तुझा पाय आहे, तुला जास्त कळणार."

तो हसला. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. जाताना म्हणाला, "कोचला सांगू नका."

"पेशंटचं आम्ही बाहेर बोलत नाही," मी म्हणालो. हा आमच्या कामाचा नियमच आहे, आणि त्या दिवशी मी त्या नियमाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

त्या रविवारी तो पोटरीपासून घोट्यापर्यंत चिकटपट्टी गुंडाळून खेळला. आम्ही जिंकलो. भिंतीवर सर बराच वेळ मैदानाकडे बघत होते. पोरं बूट काढत बसली होती.

"तो डावा पाय उचलून टाकतोय," सर म्हणाले. "कुठेतरी दुखतंय त्याला. दोघांपैकी कुणाला काही बोलला का?"

"पोटरी आखडलीय, कोच सांगत होता," तांडेल म्हणाला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्याकडे आला होता का रे?"

खरं सांगायला तेवढा एक क्षण होता. मी समुद्राकडे बघत म्हणालो, "नाही. दमला असेल, सर. हंगाम मोठा झाला."

सरांशी मी शाळेतसुद्धा खोटं बोललो नव्हतो. आश्चर्य म्हणजे काहीच झालं नाही. सरांनी मान हलवली आणि तांडेलने गुणांचा हिशेब सुरू केला. दुसरा सामनाही आम्ही जिंकलो. आता शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली तरी करंडक आमचा होता.

त्या शेवटच्या सामन्याला मैदानाच्या चारी बाजूंनी माणसं होती. मध्यंतराला एक-एक. उत्तरार्धाची दहा-बारा मिनिटं झाली असतील. चेंडू मधल्या रेषेजवळ होता आणि पोरगा डाव्या कडेने मोकळा धावत निघाला होता. त्याच्या दहा हात जवळपासही कुणी नव्हतं. धावता धावता तो खाली बसल्यासारखा झाला. आवाज आमच्या भिंतीपर्यंत आला, वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. लोकांना वाटलं घसरला. मी मात्र भिंतीवरून उतरून धावायला लागलो होतो.

त्याला आम्ही टेम्पोत घातलं. सर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी त्याचा पाय दोन फळ्यांमध्ये धरून ठेवला होता. तो ओरडला नाही. एकदाच म्हणाला, "काका, स्कोर किती?"

एक्स-रेच्या खोलीत त्या दिवशी माझ्याशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे दुसरा फोटोही मीच काढला. फोटो काचेवर लावला तेव्हा हाडाचे दोन तुकडे होते, आणि ते नेमके त्या रेघेच्या जागी वेगळे झाले होते. डॉक्टरांना घरून बोलावलं. ते आले, त्यांनी जुना फोटो मागितला. मी तो काढून शेजारी लावला. सर दारात उभे होते.

"मी याला लिहून दिलं होतं," डॉक्टर वैतागून म्हणाले. "तीन आठवडे झाले. याला खेळू कुणी दिलं?"

सर पुढे आले. त्यांनी जुन्या फोटोच्या कोपऱ्यावरची तारीख वाचली. मग मला विचारलं, "हा तू काढलास?"

"हो."

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, परत लावला, आणि पोराजवळ जाऊन बसले. त्या दिवसानंतर ते भिंतीवर आले नाहीत.

बाहेर तांडेलचा फोन आला. सामना एक-एकवर सुटला होता. आम्ही लीग जिंकली होती. तो रडत होता, मागे ताशा वाजत होता. पोराला सांग, तो म्हणाला. मी आत जाऊन सांगितलं. पोराने डोळे मिटले आणि मान हलवली. इतकी वर्षं मी ज्या बातमीची वाट बघत होतो ती अशी त्या खाटेशी सांगून झाली.

दुसऱ्या दिवशी त्याला वलसाडला नेलं. तिथे हाडात रॉड घातला. महिन्याभराने मी तलासरीला त्याच्या घरी गेलो. रस्त्यापासून आत अर्धा तास चालावं लागतं. तो ओसरीवर पाय लांब करून बसला होता. आई अंगणात भात पाखडत होती. तिने मला पाणी दिलं, कोरा चहा केला. पोरगा संघातल्या प्रत्येकाची चौकशी करत राहिला. आई म्हणाली, "तुमी त्याला दवाखान्यात नेलात, भाऊ. लई उपकार झाले."

ते मला सहन झालं नाही. पोरगा काठी टेकत मागे गेला तेव्हा मी तिला सांगितलं. पहिला फोटो, रेघ, डॉक्टरांचा कागद, व्हरांड्यातलं बोलणं. मी बोलत असताना तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे तुमाला ठाव होतं."

"हो."

"आन् तुमी नाय बोललात."

"नाही."

ती सुपाबाहेर सांडलेले दाणे वेचू लागली. वाटलं, आता हाकलेल. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं. पण तिने विचारलं, "ताडावर चढता येल का त्याला?"

वलसाडचे फोटो मी पाहिले होते, मला उत्तर माहीत होतं. पाय वाकडा जुळणार होता. थोडासाच, बाहेरच्या बाजूला. चालता येणार होतं. तळवा खोडावर घट्ट बसवून चढणं कठीण होतं. तिला या वेळी मी खरं सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं. "त्याच्या बापाला आत्ताच नका सांगू," एवढंच म्हणाली. चहाचा कप मी विसळून ठेवला आणि निघालो.

त्यानंतर मी मैदानावर जायचो, पण भिंतीवर बसायचो नाही. तांडेलला वाटायचं, करंडक मिळाला म्हणून माझी भूक संपली. तो तसं बोलूनही दाखवायचा. पुढच्या हंगामात संघ पाचवा आला. पोरगा वर्षभराने एकदा सरावाला आला, पंधरा मिनिटं धावला, बूट पिशवीत भरले आणि परत कधी आला नाही. बारावी करून उंबरगावच्या बाजूला एका कारखान्यात लागला. पॅकिंगचं, बसून करायचं काम.

२०१८ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणूत भांडी वाजायची, तलासरीकडे भिंतींना तडे गेले. दिवसातून दोन-तीनदा धक्के बसायचे, त्यामुळे लोक घराबाहेर राहू लागले. जानेवारीत मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो. घराच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी फट पडली होती, आणि सगळं बिऱ्हाड अंगणात निळ्या ताडपत्रीखाली होतं. कारखान्याला सुट्टी होती, म्हणून पोरगा घरीच होता. आता त्याला पोरगा म्हणणंही बरोबर नव्हतं, मिशा आल्या होत्या. आईने मला बसायला गोणपाट दिलं. ती माझ्याशी फारशी बोलली नाही, पण चहा ठेवला.

"यंदा कितवे आहोत आपण?" त्याने विचारलं. आपण म्हणाला, ते माझ्या लक्षात आलं.

"दुसरे. पाच सामने बाकी आहेत. वाणगावचा एक नवा पोरगा आलाय, पंधराचा. सगळे म्हणतात त्याला पूर्ण सामना खेळवा म्हणजे करंडक आपला. कोचने त्याला विचारलं, झेपेल का. तो म्हणाला झेपेल."

त्याने चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाला, "त्याला विचारू नका, काका. तो हो म्हणणारच."

ताडपत्रीचे बांबू करकरले, चहाचं पातेलं चुलीवर हललं. धक्का होता. आईने पातेल्याचा कान धरला, थांबेपर्यंत धरून ठेवला आणि मग चहा गाळला.

परत येताना मी ठरवलं. रविवारी सामन्याआधी कोच, तांडेल आणि संघातली जुनी माणसं उभी होती, तिथे गेलो आणि दोन वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. मग म्हणालो, वाणगावच्या पोराला वीस मिनिटांच्या वर खेळवू नका, आणि दुखतंय म्हणाला तर माझ्याकडे पाठवा, मी फोटो काढीन आणि कागद स्वतः तुमच्या हातात आणून देईन.

कोचचा चेहरा उतरला. त्याने दोन वर्षं स्वतःलाच दोष दिला असणार. "मला पोटरी सांगितली होती त्याने," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

तांडेल माझ्या अगदी जवळ आला. "आता कशाला सांगतोस? तेव्हा सांगितलं असतंस तर पोराचा पाय वाचला असता. आता सांगून आमच्या करंडकावर कशाला माती टाकतोस?"

पोराच्या पायाबद्दल तो म्हणाला ते खरं होतं आणि करंडकाबद्दलचंही मला समजत होतं. शाळेपासूनचा मित्र, पण त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. बाजारात समोर आला तर मान हलवतो, एवढंच.

सरांच्या कानावर हे गेलं असणार. मी एकदा त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आत घेतलं, तब्येतीबद्दल बोलले, चिकूच्या बागेबद्दल बोलले. मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "ऐकलं मी. उशीर झाला, पण केलंस." आवाजात राग नव्हता, जिव्हाळाही नव्हता. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन निरोप दिला, जसा ते कुणालाही देतात.

कोचने वाणगावच्या पोराला प्रत्येक सामन्यात शेवटची वीस मिनिटं दिली. संघ चौथा आला. शेवटच्या रविवारी दोन गोलने हरल्यावर तो पोरगा माझ्याकडे चालत आला. घामाने थबथबलेला, बूट हातात.

"काका, तुमच्यामुळे मला बसवलं ना?"

"हो, माझ्यामुळे."

"मला काय झालं नव्हतं. मी खेळलो असतो तर जिंकलो असतो आपण."

"असेल," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी आणखी काही सांगेन असं त्याला वाटलं असावं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्या वयात मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मग त्याने बूट खांद्यावर टाकले आणि वाणगावची गाडी पकडायला स्टेशनच्या रस्त्याने झपाझप चालू लागला. तो वळेपर्यंत मी त्याची चाल बघत होतो. दोन्ही पाय सारखे पडत होते.